सकाळचे पोट : आधी कारण शोधू, मग गोळी घेऊ



गळीत हंगाम चालू झाला, की आमची फडावरची फेरी पहाटेच सुरू होते. तोडीचा क्रम, वजनाच्या पावत्या, वाढ्यांची वाटणी, खोडव्याचे खत असे विषय चालू असतात आणि त्यात एक तक्रार हमखास निघते. "साहेब, उठल्या उठल्या पोटात डचमळतं." "चहा घेतला की छातीत आग पडते." "तीनदा परसाकडं जाऊन आल्याबिगर रानात पाय टाकता येत नाही." एखाद्या दिवशी पोट कोणाचेही बिघडते, त्याचे काही विशेष नाही. पण जी तक्रार आठवड्यातून दोन-तीन वेळा येते, महिनोन् महिने येते आणि सकाळीच येते, तिला बहुधा काही ठरावीक कारण असते. ते शोधायचे सोडून आपण दुकानातून गोळी आणतो आणि त्रास दडपून ठेवतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. निदान करणे आणि औषध देणे हे डॉक्टरांचेच काम आहे. पण कारण शोधण्याची जी शिस्त आपण उसाला लावतो, तीच आपल्या पोटाला कशी लावावी, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे. ऊस पिवळा पडला म्हणजे लगेच युरिया टाकायचा नसतो. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून केवडा पडतो, पाणी साचले तरी ऊस पिवळा दिसतो, मुळाला हुमणी लागली तरी पिवळा दिसतो. रंग एक, कारणे तीन. पोटाचेही तसेच आहे.

१. ‘पित्त’ हा शब्द एक, तक्रारी तीन

आपल्याकडे पोटाच्या बहुतेक तक्रारींना ‘पित्त झालं’ असे म्हणतात. वास्तविक पित्त यकृतात तयार होते आणि खालच्या आतड्यात उतरते. घशाशी येणारे आंबट पाणी हे बहुतेक वेळा जठरातले आम्ल असते. तेव्हा पहिले काम म्हणजे आपली तक्रार नेमकी कोठली, हे ओळखणे.

(अ) वरची तक्रार : छातीत जळजळ, करपट ढेकर, तोंडाला आंबट-कडू पाणी, सकाळी घसा बसणे. यात आम्ल वर अन्ननलिकेत चढत असते.

(आ) मधली तक्रार : मळमळ, कोरडी ओकारी, बेंबीच्या वर दुखणे, विशेषतः रिकाम्या पोटी. यात जठराच्या आतल्या अस्तराला सूज किंवा जखम असू शकते.

(इ) खालची तक्रार : गुडगुड, कळ, गॅस, सकाळी दोन-चार वेळा घाईने शौचाला जावे लागणे. यात आतड्याचा प्रश्न असतो.

तिन्हींवर एकच गोळी चालणार नाही, हे यावरूनच लक्षात यावे.

२. त्रास सकाळीच का?

माणूस जागा असतो तेव्हा लाळ गिळत राहतो. त्यामुळे वर आलेले आम्ल धुऊन खाली जाते. शिवाय उभे किंवा बसलेले असताना ते सहजासहजी वर चढत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणे कमी होते आणि अंग आडवे असते. म्हणजे रात्री वर चढलेले आम्ल तासन् तास तेथेच राहते. त्याचा हिशेब सकाळी मिळतो.

खालच्या बाजूची गोष्ट वेगळी. मोठे आतडे रात्री निवांत असते आणि जाग आल्यावर जोरात हालू लागते. त्यात पोटात काही गेले, की जठराकडून आतड्याला इशारा जातो. चहा घेतल्यावर शौचाला लागणे हे यामुळेच होते आणि तो आजार नव्हे. एकदा जाऊन पोट साफ झाले तर उत्तमच. कळ येऊन तीन-चार वेळा पातळ होत असेल, तरच विचार करायचा.

३. रात्रीचे जेवण आणि रात्रीचे पाणी

शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की दारं धरायला रात्री जावे लागते. माणूस एक-दोन वाजता घरी येतो, झाकून ठेवलेले कालवण-भाकरी पोटभर जेवतो आणि लगेच आडवा होतो. पाच वाजता धारेला उठतो. भरल्या पोटाने झोपणे म्हणजे आम्ल वर चढायला वाटच करून देणे. जेवण आणि झोप यांत साधारण तीन तासांचे अंतर असावे.

यावर उपाय सोपा आहे. रात्रीची पाळी असेल त्या दिवशी पोटभर जेवण सात-साडेसातलाच उरकावे आणि मग रानात जावे. परतल्यावर भूक असेल तर अर्धी भाकरी आणि थोडे वरण, एवढेच घ्यावे. तेलकट रस्सा आणि ठेचा त्या वेळी नको. ज्यांच्या छातीत रात्री जळजळते, त्यांनी बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा द्याव्यात, म्हणजे साधारण सहा इंच उंची मिळते. नुसत्या उशा वाढवल्याने मान वाकते, काम होत नाही. डाव्या कुशीवर झोपल्यानेही आम्ल कमी चढते.

शिळ्या भाताबद्दलही सांगितले पाहिजे. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू असे विष तयार करतात, की सकाळी फोडणी दिली तरी ते जात नाही. असा भात खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. भात उरेल इतका रांधू नये.

४. सकाळी पहिल्यांदा पोटात काय जाते?

मिश्री व तंबाखू : मिश्री ही भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून तिच्यातले निकोटिन रक्तात जाते. त्याने मळमळ होते, तोंडाला पाणी सुटते, आतडे जोरात हालते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा झडपेसारखा पट्टा सैल पडतो. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असे आमच्या माता-भगिनी सांगतात. ते खोटे नाही, पण ते औषध नसून सवयीची मागणी आहे. मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो, तो भाग निराळाच.

चहा : रिकाम्या पोटी दोन-तीन कप कडक चहा घेतल्याने काहींना आम्ल वाढते, काहींना आतड्याची घाई होते. चहा सोडायला आम्ही सांगत नाही. उठल्यावर आधी पाणी, मग भाकरीचा तुकडा किंवा मूठभर चुरमुरे, आणि त्याबरोबर एक कप चहा, असा क्रम लावून पाहावा.

दुखण्याच्या गोळ्या : ही सर्वांत महत्त्वाची बाब. कंबर, गुडघे, खांदे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन या जातीच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, त्याही पहाटे चहाबरोबर. जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले, की या गोळ्या शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत ते एक होते. हीच द्रव्ये दुखणे वाढवतात आणि हीच द्रव्ये जठराच्या अस्तराला आम्लापासून सांभाळतात. म्हणजे दुखणे थांबते, पण त्याबरोबर जठराचे संरक्षणही जाते.

आमच्या एका गटातील वयस्क सभासदांनी पूर्ण हंगामभर गुडघ्यासाठी अशी गोळी रोज घेतली. पोटात दुखू लागले म्हणून वर पित्ताची गोळी सुरू केली. मग शौच डांबरासारखे काळे होऊ लागले. उष्णता झाली असेल म्हणून त्यांनी तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी बांधावर चक्कर येऊन पडले. तालुक्याला नेल्यावर रक्त द्यावे लागले. दुर्बिणीने पाहिले तेव्हा जठरात व्रण होऊन त्यातून रक्त जात होते. आज ते बरे आहेत, पण आणखी एक दिवस घरी काढला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

म्हणून दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस आणि जेवणानंतरच घ्यावी. जेवणानंतर घेतली तरी धोका पूर्ण जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी लहान मात्रेत अॅस्पिरिन दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी रिकाम्या पोटी घेतल्यानेही मळमळ व जुलाब होतात. ती जेवणासोबत घ्यायची असते.

५. जठरातला जंतू

पूर्वी डॉक्टरसुद्धा म्हणत, की जठराचा व्रण तिखटाने आणि काळजीने होतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये जठरातून एक वळणदार जंतू वाढवून दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन टाकला. पाच-सहा दिवसांत त्यांचे पोट जड झाले, भूक मंदावली आणि रोज सकाळी पाण्यासारखी उलटी होऊ लागली. दुर्बिणीने पाहिले तर जठराला सूज आलेली आणि त्यात तोच जंतू! या दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

आपल्या देशात हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो. सर्वांना त्रास होत नाही, पण काहींना व्रण होतो आणि थोड्यांना पुढे कर्करोगही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून तो समजतो. प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी असा साधारण १४ दिवसांचा उपचार असतो. चार दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडले, तर जंतू मरत नाही, उलट औषधाला दाद न देणारा होतो. तपासणीला जाताना आपण पित्ताच्या गोळ्या घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे, नाहीतर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही.

६. खालच्या तक्रारीची कारणे

पाणी : घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास असेल, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी दूषित पाण्यातून जातो आणि आठवडेच्या आठवडे वास येणारे पातळ शौच, गॅस, करपट ढेकर असा त्रास देतो. शौचाच्या तपासणीत तो सापडतो आणि औषधाने जातो. पाणी चांगले खळखळून उकळावे. विहिरीचे किंवा टाकीचे पाणी टीसीएल पावडरने शुद्ध करताना चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, आणि टाकल्यावर तासभर पाणी वापरायचे नसते. आपल्या फडावर येणाऱ्या तोडणी मजुरांना पाटाचे पाणी प्यायला लावू नये. शुद्ध पाण्याचा एक पिंप ठेवणे हे उसाच्या मालकाचे काम आहे.

दूध : वय वाढल्यावर पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. दूध किंवा दुधाळ चहा घेतल्यावर तासा-दोन तासांत गुडगुड होत असेल, तर दोन आठवडे दूध बंद करून पाहावे. अशांना दही-ताक बहुधा चालते.

नाजूक आतडे : सर्व तपासण्या ठीक असतात, तरी सकाळी कळ येऊन तीन-चार वेळा जावे लागते आणि गेल्यावर बरे वाटते, असे काहींचे असते. आतडे आणि मेंदू यांचा निकट संबंध असल्याने काळजीच्या दिवसांत हे वाढते. कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, तोडीची वाट पाहणे यांचा परिणाम पोटावर होतो, हे काही मनाचे खेळ नव्हेत. अशा आजारात रात्री झोपेतून उठून जावे लागत नाही, रक्त पडत नाही, वजन घटत नाही. तसे होत असेल तर आजार दुसरा आहे, असे समजावे. इसबगोल, वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप यांचा उपयोग होतो.

जुलाब फार झाले तर आपल्या कारखान्याच्या मालाचाच आधार आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. आतड्यात साखर आत जाताना मिठाला आणि मिठाबरोबर पाण्याला ओढून नेते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ-ग्लुकोजचे असे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवले. प्रमाण मात्र पाळावे. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात.

७. जे ‘पित्त’ नव्हेच

फवारणीची बाधा : क्लोरपायरीफॉससारख्या औषधांच्या फवारणीनंतर किंवा बेणेप्रक्रियेनंतर मळमळ, पोटात कळ, जुलाब यांबरोबर घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, अंग थरथरणे असे झाले, तर ती विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

हृदयविकार : छातीत किंवा वरच्या पोटात दाबल्यासारखे होऊन घाम सुटला, दम लागला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर सोडा पीत बसू नये. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

गरोदरपण : लग्न झालेल्या तरुण मुलीला किंवा सुनेला सकाळची मळमळ सुरू झाली, तर कोणतीही गोळी देण्याआधी दिवस गेले आहेत का ते पाहावे. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर लगेच दवाखान्यात न्यावे.

याशिवाय काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना घास अडकणे, वजन घटणे, रक्त कमी होणे, कावीळ, ताप, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते ठरवणे डॉक्टरांवर सोपवावे.

८. चौदा दिवसांची वही

वरीलपैकी धोक्याचे काही नसेल, तर एक वही घ्यावी आणि रोज या गोष्टी लिहाव्यात : रात्री किती वाजता व काय जेवलो, किती वाजता झोपलो, सकाळी पहिल्यांदा पोटात काय गेले, कोणत्या गोळ्या घेतल्या, त्रास कोणता, किती वाजता, आणि शौच किती वेळा.

पहिले सात दिवस काहीही बदलू नये, नुसते लिहावे. आठव्या दिवशी वही वाचावी. उशिरा जेवलेल्या रात्रीनंतरच जळजळ होत असेल, तर जेवणाची वेळ बदलावी. मळमळ मिश्रीनंतर दहा मिनिटांत येत असेल, तर उत्तर समोरच आहे. पाहुण्यांच्या गावी गेल्यावर त्रास थांबत असेल, तर घरचे पाणी किंवा दूध तपासावे. रिकाम्या पोटी दुखते, खाल्ल्यावर थांबते आणि रात्री दोनला जाग येते असे असेल, तर व्रणाची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे.

पुढचे सात दिवस एकच गोष्ट बदलावी. एकाच प्लॉटमध्ये खतही बदलले आणि पाण्याची पाळीही बदलली, तर उतारा कशाने वाढला हे सांगता येत नाही. फरक पडला नाही तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. "पोट बिघडतं" एवढेच सांगण्यापेक्षा चौदा दिवसांची नोंद पुढे ठेवली, तर त्यांचेही काम हलके होते आणि आपला पैसाही वाचतो.

९. गोळी घ्यायचीच तर

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या न्याहरीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. जेवणानंतर घेतल्यास त्यांचे काम कमी होते. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस त्या घ्याव्यात. पुष्कळ महिने घेऊन एकदम सोडल्या, तर काही दिवस आम्ल उसळी मारते आणि माणसाला वाटते, गोळीशिवाय आपले चालतच नाही. खाण्याच्या सोड्याने घडीभर बरे वाटते, पण त्यात सोडियम फार असते. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी तो घेऊ नये.

बंधू-भगिनींनो, माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो, आणि पुष्कळ सभासद आता तसे करतातही. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण अजून अंदाजानेच मात्रा टाकत आहोत. या आठवड्यात प्रत्येक घरात गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा. दुखण्याची गोळी कोण घेतो, किती दिवसांपासून घेतो आणि कशावर घेतो, एवढे जरी विचारले, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.